शत्रुघ्नदादांचा हात

माणसाला उलटं करून पाण्यात बुडवायचं आणि वर त्याच्याकडून आभार मानून घ्यायचे, असा उद्योग आमच्या वसई-विरारमध्ये शत्रुघ्नदादा करतात. नंदाखालला जुलियानामावशींच्या वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांमधलं जुनं तळं. पावसात भरतं आणि पुढे केळी-नारळींना पाणी पुरवत राहतं. पावसाळा सरत आला की तिथे दर रविवारी सकाळी शत्रुघ्नदादा लोकांना रोल शिकवतात. कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, पाण्यात पालथी झाली, आपण डोकं खाली पाय वर असे लटकलो, तर कयाकमधून न उतरता तिच्यासकट परत सरळ व्हायचं, याला रोल म्हणतात. मी सबंध एक मोसम शिकले आणि मला तो आलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला सल्ला विचारायला येणार नाही.

मी तिथे गेले ती माझ्या मुलीमुळे. क्षितिजाने मोबाइलवर काहीतरी पाहिलं, स्वतःबरोबर माझंही नाव घातलं, दोन रविवार आली आणि तिसऱ्या रविवारी, "आई, केसांची पार वाट लागते गं," म्हणून विरारच्या फ्लॅटमध्ये पांघरूण ओढून झोपली. मी मात्र जात राहिले. आठवडाभर ऑफिसात सरळ बसून काढलेल्या बाईला रविवारी उलटं व्हायला बरं वाटतं. शिवाय तिथे माझं पटलं, आणि माझं फारसं कुठे पटत नाही. मी तोंडाने फटकळ. कुणाची भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणते. नणंदेने त्यापायी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी दादांनी माझ्या हातात कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा दिला. मला वाटलं, टॉवेलाला असेल. तो नाकाला होता. नाकासाठी वेगळा चिमटा मिळतो म्हणे, पण दादांचं सगळं असंच घरगुती. मग त्यांनी माझ्या कमरेभोवती रबरी घागरा चढवला. त्याची कड कयाकच्या भोकाला घट्ट बसते, पाणी आत येत नाही. पुढे एक पट्टी असते, ती ओढली की घागरा सुटतो आणि माणूस बाहेर पडतो.

"आता नीट आयका, ताई," छातीइतक्या पाण्यात माझ्या बाजूला उभे राहून दादा म्हणाले. "खाली गेलात का घाबरायचा नाय. वल्हा पान्यावर आना, कंबरेचा झटका मारा. आधी कंबर, मंग छाती. डोका शेवटी. नायच जमला, तर दोनी हात भाहेर काढून कयाकच्या पाठीवर थापा मारा. थाप आयकली का मी सरळ करनार. थाप नाय, तर मी हात लावनार नाय."

मी खाली गेले. हिरवं पाणी, कानात घूं आवाज, आणि डोक्यात एकच गोष्ट: वर. मी पहिल्यांदा डोकं उचललं. सगळे तेच करतात. श्वास हवा असतो म्हणून माणूस आधी डोकं वर काढायला बघतो, आणि त्या डोक्याच्या वजनाने सगळं धूड परत खाली जातं. मी असं कितीदा केलं देव जाणे. शेवटी पट्टी ओढून बाहेर आले आणि दादांवर उखडले.

"दादा, मी मरत होते. तुम्ही नुसते बघत उभे!"

"नाय मरत होतात," ते शांतपणे म्हणाले. "मरनारा मानूस थापतो."

तेव्हा राग आला. पण नंतर काठावर बसून बाकीच्यांचे हाल बघताना कळलं, की दादांची कला उभं राहण्यात आहे. समोर माणूस पाण्याखाली धडपडतोय, बुडबुडे येताहेत, आणि दादा दोन्ही तळवे पाण्यावर ठेवून उभे. चेहऱ्यावर काही नाही. थाप पडली की तो हात असा काही झपकन जायचा की माणूस वर येऊन खोकायच्या आत सगळं संपलेलं असायचं. पण थापेच्या आधी कधीच नाही. मी म्हटलंसुद्धा, की ही अशी वाट बघायची शिकवणी माझ्या साहेबांना लावली पाहिजे.

दादा वैतरणेच्या खाडीकाठचे. भातशेती, त्यातली थोडी खाऱ्या पाण्याने गेलेली, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरी नळदुरुस्ती. मागे मुंबईहून एकाने खाडीकाठी कयाकचा कॅम्प काढला. भरती-ओहोटीची जाण म्हणून दादांना बरोबर घेतलं आणि रोल त्यांनाही शिकवला. मग लॉकडाउन लागलं. "दादा, कयाक ठेवून घ्या, येतो मी," म्हणून तो गेला तो गेलाच. दादांनी बरेच दिवस वाट पाहिली, मग एकट्यानेच सराव सुरू केला आणि पुढे लोक विचारायला लागले तसे शिकवू लागले. त्यासाठी कयाक टेम्पोत घालून इतक्या लांब नंदाखालला आणायचे.

"घरापुढे अख्खी खाडी असताना इथे कशाला?" मी विचारलं होतं.

"खाडीत चिखल असतो, ताई," ते म्हणाले. मला पटलं. मी पुढे विचारलं नाही.

मनाली ही त्यांची एकुलती मुलगी. कॉलेज नुकतंच संपवलेलं, खांदे वल्हेकऱ्याचे, आणि कयाक अशी चालवायची की बावखलातल्या बदकांना लाज वाटावी. वर्गात ती दादांना मदत करायची. पण तिला रोल येत नव्हता. ज्याने नंदाखालच्या बावखलात डॉक्टर, वकील, कॉलेजची पोरं सरळ केली, त्याच्या घरची पोर पालथीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एरवी मी यावर चार विनोद करून गप्प बसले असते. पण मनालीला उत्तरेकडे एका नदीवर, राफ्टिंगच्या तळावर काम मिळालं होतं. राफ्टमधून कुणी पाण्यात पडलं की कयाक घेऊन जायचं आणि त्याला ओढून आणायचं, हे ते काम. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं, आणि अट एकच, रोल आला पाहिजे. नाही आला तर आल्या पावली परत. मुलीने या कामासाठी इकडची एक बरी नोकरी सोडली होती आणि आईशी महिनाभर भांडण केलं होतं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच होतं.

आणि ते तिला जमत नव्हतं, कारण दादा जमू देत नव्हते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. मनाली खाली जायची. वल्हं अजून पाण्यावर आलेलंही नसायचं, तोच दादांचा हात आत. कयाक सरळ. मनाली केसांतून पाणी निथळत बापाकडे बघायची.

"बाबा, मी थापले का?"

"नाय."

"मग?"

"हात गेला."

"परत नको ना घालू. प्लीज. मला एकदा तरी पूर्ण करू दे."

"नाय घालत. जा."

ती जायची आणि हात परत जायचा. एकदा तिने वल्हं आपटलं आणि म्हणाली, "तू मला सोडणारच नाहीस, सरळ सांग ना तसं." दादा पाण्यातून बाहेर आले, अंग न पुसताच नारळीखाली बसले आणि आपला उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "माज्यानं नाय जमत, ताई. बाकी कोनी असू दे, मी उभा राहतो. ही खाली गेली का हात माजा आयकत नाय."

मला त्यांची दया आली नाही, रागच आला. पोरीला लांब पाठवायचं नाही म्हणून बापाने केलेली ही नाटकं, असं मला वाटलं. आणि वाटलं ते मी त्यांच्या बायकोला, हंसावहिनींना, बोलूनही दाखवलं. त्या रविवारी दादांनी मला जेवायला घरी नेलं होतं. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होत्या, मी पुसायला बसले होते. मी म्हटलं, "वहिनी, दादांना सांगा, पोरगी काय बुडायला चालली नाहीये."

वहिनींनी घासलेला टोप फळीवर ठेवला. उताणा. बाकीची भांडीही तशीच, तोंड वर करून, आत पाणी साचलेलं. मी आल्यापासून ते बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना गबाळं ठरवत होते. मी एक टोप उचलून पाणी निथळायला पालथा घातला. त्यांनी तो लगेच सरळ केला.

"आमच्या घरात काय बी पालथा ठेवत नाय," त्या म्हणाल्या. "टोप नाय, टोपली नाय. सासू होती तवापास्ना. भाऊ होता ना यांचा, भूपेश."

मग त्यांनी भांडी घासता घासताच सांगितलं. खाडीपलीकडच्या शेतातला पेंढा होडीतून आणायचे. शत्रुघ्न आणि भूपेश, दोघं शाळकरी पोरं, बापाबरोबर जायची. या दोघांचा एक खेळ होता. होडी धुवायला काठाशी पालथी केली की हे तिच्याखाली शिरायचे. पालथ्या होडीखाली हवा राहते, डोकी त्या हवेत ठेवून दोघं आत दडायचे. आई काठावर हाका मारत फिरायची, आणि हे आतून फळीवर ठकठक करायचे. आई चिखलाचे गोळे मारायची आणि हसायची. सगळ्या खाडीकाठच्या पोरांचा हा खेळ.

एके दिवशी ओहोटीच्या वेळी पेंढ्याचा भारा एका बाजूला सरकला आणि होडी काठाजवळच उलटली. शत्रुघ्न पोहत बाहेर आला. बाप बांधावर होता, त्याने विचारलं, भूपेश कुठंय? पोरगा हसला. म्हणाला, आत बसलाय, ठोकेल आता. आणि बापलेक बांधावर उभे राहून ठोकायची वाट बघत राहिले. बापाने विडीसुद्धा पेटवली. भूपेशचा पाय पेंढ्याच्या दोरात अडकला होता.

"अजून बी बोलतात," वहिनी म्हणाल्या, "त्यानं ठोकला असता तर मी गेलो असतो. ठोकलाच नाय त्यानं. त्याच्यावरच जगलाय ह्यो मानूस."

मी हातातला टोप उताणा ठेवला. त्यानंतर त्या घरात मी तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

नवरात्र लागलं आणि मनालीचे दिवस संपत आले. शेवटच्या रविवारी ती पाण्यात उतरली आणि म्हणाली, "बाबा, तू वर जा. स्वप्नाकाकी उभी राहील."

मी दचकले. ज्या बाईला स्वतःला सरळ होता येत नाही तिने दुसऱ्याला काय सरळ करायचं? पण मनालीचा चेहरा बघून मी गुपचूप उतरले. दादा काठावर गेले. हंसावहिनी आणि जुलियानामावशी नारळीखाली उभ्या होत्या. मावशींनी छातीवर क्रूस केला, वहिनींनी पदर तोंडाला लावला.

मनाली खाली गेली. मी दादांसारखे तळवे पाण्यावर ठेवले. वल्हं वर आलं, कयाक अर्धी फिरली, मनालीचं डोकं आधी वर आलं, तोंड उघडं, आणि सगळं परत खाली. थाप नाही. पुन्हा वल्हं आलं, पुन्हा डोकं आधी, पुन्हा खाली. बुडबुडे यायला लागले. मला थाप ऐकू येईना. इतके रविवार मी या माणसाच्या शांतपणाची थट्टा केली होती. पाण्याखालच्या माणसाला हात न लावता उभं राहणं काय असतं ते त्या दिवशी मला कळलं. मी देवाला म्हटलं, थापू दे हिला, थापू दे.

तेवढ्यात माझ्या बाजूला पाणी हललं. बघते तर दादा. अंगात सदरा, विजार, तसेच उतरलेले. कयाकपासून हातभर अंतरावर उभे. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. दात आवळलेले. डोळे कयाकच्या पाठीवर, थाप पडते त्या जागेवर. मी एवढा असहाय माणूस आजवर पाहिला नाही, आणि मला त्यांच्यासाठी काही करता येत नव्हतं. मुलीसाठी तर नाहीच.

मग वल्हं परत आलं, पाण्यावर आडवं सरकलं, कयाकने गिरकी घेतली, आणि कंबर, छाती, सगळ्यात शेवटी डोकं, अशी मनाली वर आली. खोकली. डोळ्यांवरचे केस सारले आणि बापाला एवढ्या जवळ बघून तिचा चेहरा उतरला.

"तू हात लावलास?"

दादांनी हात पुढे करून दाखवले. मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. "नाय गं," ते म्हणाले. "मी नाय."

त्या दिवशी तिला तो आणखी काही वेळा आला आणि त्याहून जास्त वेळा हुकला. दादा मला हळूच म्हणाले, "हितं बावखल हाय. तितं नदी." पण मनाली हसत होती. दसरा झाला आणि ती गेली.

तिकडच्या लोकांनी तिला ठेवून घेतली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही बावखलाच्या काठावर तांदळाच्या भाकऱ्या खात बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. वहिनींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तिकडून मनालीचा आवाज आणि मागे नदीचा.

"काल सॉलिड झालं, बाबा. मोठ्या लाटेत पलटी झाले, रोल हुकला, परत हुकला. मग थापले. दोन्ही हातांनी मारतेय, पण कोणाला ऐकूच नाही. इथे आवाज बघ ना किती असतो. शेवटी स्कर्टची पट्टी खेचली आणि पोहत बाहेर. सगळे हसत होते माझ्यावर."

"थापलीस तू?" दादांनी विचारलं.

"हो मग."

"आनि कुनी नाय आयकला?"

"अरे, आवाज किती असतो. चिल, बाबा, मी ठीक आहे."

दादांनी फोन वहिनींकडे दिला. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले. मला वाटलं, पोरीच्या काळजीने उठले. काळजी होतीच. पण दुसरंही काही होतं, ते पुढच्या रविवारी कळलं.

त्या रविवारी वर्ग संपला, लोक गेले. मी कपडे बदलून आले तर दादा कयाकमध्ये बसलेले, नाकाला चिमटा. म्हणाले, "ताई, थांबा जरा. मावशींना पंप बंद कराय सांगा."

पंप बंद झाला.

"तुमी तितं काठावर उभ्या राहा. त्या नारळीपाशी. मी खाली जातो आनि ठोकतो. आयकू येतो का ते सांगा."

"थापा मारताना दिसालच की तुम्ही," मी म्हटलं.

"थापा नाय. पोर आत होता. त्याचे हात भाहेर कशे येतील? आतून ठोकनार."

तेव्हा मला समजलं की हे काय चाललंय. इतकी वर्षं हा माणूस एका गोष्टीवर उभा होता, की भूपेशने ठोकलं नाही. ठोकलं असतं तर ऐकू आलं असतं, आणि आपण गेलो असतो. आणि आता त्याच्या मुलीने फोनवर हसत हसत सांगितलं होतं, की माणूस ठोकतो आणि काठावरच्यांना ऐकू येत नाही.

"दादा, नका," मी म्हटलं. "ती लाकडाची होडी, ही प्लास्टिकची. तिथे वाहती खाडी. कशाचा कशाला मेळ नाही."

"तुमी खोटा बोलत नाय," ते म्हणाले. "मनून तुमाला सांगतो."

ते खाली गेले. मी नारळीपाशी उभी राहिले. वारा नव्हता. जुलियानामावशी पंपाच्या खोलीशी थांबल्या होत्या. बावखलात कयाकची पाठ तेवढी दिसत होती, लाल, ओली, किंचित डुलत. मी कान दिला. अगदी जीव कानात आणून ऐकलं. कयाक मधूनच बारीकशी थरथरत होती, म्हणजे आत ते ठोकत होते. जोरात ठोकत असणार. मला काहीच ऐकू आलं नाही.

गिरकी घेऊन ते वर आले. चिमटा काढला. उजव्या हाताची बोटं सोलवटली होती.

"आला आयकू?"

"हो," मी म्हटलं. "आला ना. स्पष्ट."

"हितपर्यंत?"

"दारावर कुणी ठोकावं तसा, दादा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर हलवली नाही. मावशी काहीतरी बोलायला निघाल्या, मी हाताने त्यांना थांबवलं.

"मंग त्यानं ठोकलाच नसल," ते म्हणाले.

"नसेलच."

त्यांनी मान हलवली. वल्हं आडवं ठेवलं. मला वाटलं आता बाहेर येतील. वहिनींनी दिलेला डबा उघडायला मी वळलेसुद्धा.

"ताई," त्यांनी हाक मारली. "परत एकदा जातो. ह्या वेळी हळू ठोकतो. तो बारीक होता ना. त्याच्या हातात एवढा जोर नसल."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी चिमटा लावला आणि ते खाली गेले. मी परत नारळीपाशी जाऊन उभी राहिले आणि ऐकू लागले.